हत्ती किती होते?

म्हैसूरच्या मल्लिगेला भौगोलिक मानांकन आहे, विड्याच्या पानाला आहे, नंजनगूडच्या रसबाळे केळ्यालाही आहे. निवृत्त शास्त्रज्ञाला अजून मिळालेलं नाही, हा उघड अन्याय आहे. हे पीक इतकं जोमदार दुसऱ्या गावात येत नाही. १९५० साली चेलुवांबा महालात केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आली, पुढे संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा आली, मानसगंगोत्रीत विद्यापीठ पसरलं. आणि तेव्हापासून दरसाल शास्त्रज्ञांची एक तुकडी शाल-नारळ घेऊन सरस्वतीपुरम्, यादवगिरी, कुवेंपुनगर इथल्या आपापल्या घरी कायमची परतते. त्यातले बरेचसे निरुपद्रवी निघतात. कुणी कुंड्यांत रमतो, कुणी त्यागराजांत, कुणी कुक्करहळ्ळी तळ्याला सकाळी फेऱ्या मारतो आणि वाटेत भेटणाऱ्याला पेन्शनचा हिशोब सांगतो. पण एक जात अशी असते की जिची नोकरी संपते, प्रयोग संपत नाहीत. ही जात पुरावा मागते.

आमच्या गल्लीतल्या नमुन्याला आम्ही दोन-तीन मराठी घरं पुरावेकाका म्हणतो. कानडी घरं 'सायंटिस्ट अंकल' म्हणतात. कानडी घरं मुळातच जास्त सभ्य आहेत.

काका निपाणीकडचे. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, ज्याच्या गावाची निम्मी उलाढाल तंबाखूच्या पानावर चालली, त्या माणसासमोर 'झाडपाल्याला काही साइड इफेक्ट नसतो हो' हे वाक्य टाकणं धोक्याचं आहे. काका काही बोलत नाहीत. फक्त "तंबाखू कुठल्या कारखान्यात तयार होते म्हणे?" एवढं विचारून चहाचा घोट घेतात. त्यानंतर समोरचा दुसऱ्या विषयावर जातो. पावसाबद्दल बोलतो. काका पावसाचीही आकडेवारी मागतात.

एरवी त्यांचे प्रश्न ठरलेले. तुम्ही म्हणालात, अमुक पानाचा रस मूतखड्यावर रामबाण. काका खिशातून छोटी वही काढतात. कोणतं झाड? नुसतं नाव नको, पान आणून दाखवा. पान की मूळ की साल? कोणत्या महिन्यात तोडलं? पाण्यात काढलंत की तुपात की मद्यार्कात? किती दिलंत? आणि मग सुई टोचल्यासारखा शेवटचा: "किती जणांना दिलंत, आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं काय झालं?" या शेवटच्या प्रश्नाला माझ्या ऐकिवात आजवर कुणीही उत्तर दिलेलं नाही. ज्यांना औषध दिलं नाही त्यांचं काय झालं याची चौकशी माणसं करत नाहीत. ते बरे झाले असतील तर उगाच वाईट वाटायचं.

नंजनगूडला आम्ही सगळे एकदा मिळून गेलो होतो. तिथल्या नंजुंडेश्वराची कथा प्रसिद्ध आहे: टिपू सुलतानाच्या हत्तीची दृष्टी गेली, देवाला साकडं घातलं, हत्तीला दिसायला लागलं, आणि टिपूने देवाला पाचूचं लिंग अर्पण करून 'हकीम नंजुंड' म्हटलं. आमच्यातल्या एकांनी ही कथा गोपुरासमोर उभं राहून फार रंगवून सांगितली. सगळ्यांनी हात जोडले. काकांनीही जोडले. जोडलेल्या हातांनीच म्हणाले, "हत्ती किती होते?"

"एकच. पट्टहत्ती."

"एकच," काकांनी वहीत लिहिलं. "आणि दुसरा आंधळा हत्ती, ज्याच्यासाठी साकडं घातलं नाही, तसा कुठं नव्हता?"

काकू पुढे होऊन म्हणाल्या, "अहो, प्रसाद घ्या आणि चला." याच नंजनगूडात १९१३ पासून सद्वैद्यशाळा चालत आली आहे, तिचं दंतमंजन अर्ध्या कर्नाटकाने वापरलेलं आहे, आणि काकांच्या न्हाणीघरातही त्याची डबी असते. मी एकदा विचारलं, याचा पुरावा? काका म्हणाले, "दात घासायला पुरावा लागत नाही. कशानंही घासा, घासा म्हणजे झालं." आपल्याला जे आवडतं तिथं हा माणूस फार चटकन निवाडा देतो, हेही नोंदवून ठेवायला हवं.

कुणालाही वाटेल, हा माणूस आयुर्वेदाचा वैरी असणार. तसं अजिबात नाही. देवराज मार्केटाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत, इथल्या बोलीत 'ग्रंथिगे अंगडी'त, काका ज्या भक्तीने उभे राहतात त्या भक्तीने ते चामुंडीच्या टेकडीवरही उभे राहत नाहीत. मुरूडशेंग, हिरडा, बेहडा, पिंपळी, वावडिंग, सगळं नाकाशी धरून बघतात. दुकानदार त्यांना ओळखून आहे. ते दिसले की तो मुलाला पुढे करून आत जातो. घरी काचेच्या कपाटात कीर्तिकर आणि बसू यांच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाचे खंड आहेत. ग्रंथ १९१८ सालचा. त्यातले कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आपले मुंबईचे, लष्करी डॉक्टर. काका त्यांचा उल्लेख 'आमचे कीर्तिकर' असा करतात. मधल्या शंभर वर्षांचं त्यांना काही वाटत नाही.

सर्पगंधेचा विषय निघाला की काकांचा आवाज बदलतो. बिहार-बंगालकडे वेडावर देत असलेली ही मुळी. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की तिनं रक्तदाब उतरतो. मग मुंबईचे रुस्तम जाल वकील. १९४९ साली त्यांनी रुग्णांवरच्या नोंदी ब्रिटनच्या हृदयविकाराच्या नियतकालिकात छापल्या आणि जग जागं झालं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळीतून रेसरपिन वेगळं केलं. "आणि ते घेऊन काही रुग्ण उदास व्हायला लागले," काका इथं अभिमानानं सांगतात, घरच्या मुलाला पहिली शिक्षा झाल्यासारखं नव्हे, पहिलं बक्षीस मिळाल्यासारखं. "दुष्परिणाम सापडला म्हणजे औषध खरं! ज्याचा अपायच होत नाही त्याचा उपाय तरी काय होणार?"

हळदीवरून मात्र गल्लीशी त्यांचं एकदा वाजलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये दिलं, माशेलकरांच्या पुढाकारानं सीएसआयआर लढली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. समोरचे मुन्सिफसाहेब, तेही निवृत्तच, छाती फुगवून म्हणाले, "झालं ना सिद्ध? हळद गुणकारी आहे!"

"नाही," काका म्हणाले. "सिद्ध झालं ते एवढंच की ती युक्ती नवी नाही. जुनी आहे हे वेगळं आणि लागू पडते हे वेगळं. तुम्ही न्यायखात्यातले, तुम्हाला हे मी सांगायचं?"

मुन्सिफसाहेब आठवडाभर बोलले नाहीत. माझ्या मते काकांचं शंभर टक्के बरोबर होतं आणि ते त्या दिवशी बोलायला नको होतं, कारण त्या दिवशी मुन्सिफसाहेबांच्या घरी बिसिबेळे भाताचं जेवण होतं आणि सगळी गल्ली आमंत्रित होती.

व्याह्यांचं प्रकरण याहून वरचं. गुडमार नावाची एक वेल आहे, मधुनाशिनीही म्हणतात. तिचं पान चावलं की जिभेला गोड कळेनासं होतं. साखर तोंडात टाकली तर वाळू. अर्धा-पाऊण तास हा प्रकार टिकतो. इथून जवळ, उटीला, सिंकोनाच्या सरकारी कामावर डेव्हिड हूपर नावाचा रसायनतज्ज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं या पानातलं ते द्रव्य वेगळं काढून दाखवलं. काकांच्या फाटकावर ही वेल आहे. मुलीचे सासू-सासरे साताऱ्याहून पहिल्यांदाच म्हैसूरला आले. काकांनी सय्याजीराव रस्त्यावरून ताजा म्हैसूरपाक आणला, तोही राजवाड्याचे आचारी काकासुर मादप्पा यांच्या वंशजांच्या दुकानातला, जिथून या मिठाईचा उगम सांगतात. रस्त्याला नाव बडोद्याच्या सयाजीरावांचं, मिठाई म्हैसूरच्या राजाची, व्याही छत्रपतींच्या गादीच्या गावचे. तीन संस्थानांचा योग जुळून आला होता. आणि काकांनी ताटलीआधी प्रत्येकाच्या हातावर एकेक पान ठेवलं. "प्रवासाचा शीण जातो. चावा, चावा."

व्याह्यांनी म्हैसूरपाकाचा तुकडा तोंडात टाकला. थांबले. कंदी पेढ्यांच्या गावचा माणूस, पण पहिल्यांदा आलेला. "तूप चांगलं आहे," म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "बेसनही चांगलं आहे." विहीणबाईंनी सांभाळून घेतलं: "अगदी बेताचं गोड. आजकाल असंच बरं." त्यांच्या कनिष्ठ चिरंजीवांनी दुसरा तुकडा घेऊन बघितला आणि तो नॅपकिनात गुंडाळला. काका टेबलाखाली वही धरून लिहीत होते. पाऊण तासानं त्यांनी सगळं उलगडून सांगितलं आणि पुन्हा म्हैसूरपाक फिरवला. यावेळी कुणी घेतला नाही. मुलीनं पुढे दोन दिवाळ्या वडिलांशी फोनवर मोजकंच बोलणं ठेवलं.

यातली गंमत अशी, की या प्रयोगानंतर गल्लीतले सगळे मधुमेही पान मागायला आले आणि काकांनी एकालाही दिलं नाही. "जिभेला फसवलं म्हणजे रक्ताला फसवलं असं होत नाही. त्यावरचे अभ्यास आहेत, छोटे छोटे आहेत. मोठा होऊ दे." लोक म्हणाले, म्हातारा चिकट आहे. त्या रात्री वेलीची बरीच पानं गेली.

करोनाच्या काळात गुळवेलीचंही तसंच झालं. ज्याच्या त्याच्या ओट्यावर गुळवेलीच्या कांड्या उकळत होत्या, तीन वेळ, महिनोन्‌महिने. काका सांगत फिरले की मुंबईच्या केईएम रुग्णालयात शरदिनी डहाणूकरांच्या चमूनं याच वेलीवर केवढं काम करून ठेवलंय, काविळीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना ती देऊन पाहिलीय, मोजून, नोंदी ठेवून. लोक खूश झाले. मग २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी छापलं की गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झालेली आढळली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली, वेल चुकीची ओळखली असेल म्हणून. काकांनी तेही सगळं सांगितलं, दोन्ही बाजूंचं. लोक चिडले. काल चांगली म्हणाला, आज वाईट म्हणतो, या माणसाला नक्की काय म्हणायचंय? काकांना म्हणायचं होतं ते एवढंच, की किती घेतली, कुणी घेतली आणि वेल कोणती होती. पण तीन प्रश्न ऐकून घेण्याइतका वेळ माणसाला आजारपणातही नसतो.

या सगळ्यांत काकूंची बाजू सांगायची राहिली. काकू मूळच्या मिरजेच्या, संगीताच्या घरातल्या, आणि ठेका धरून बोलणाऱ्या. तू यूयू या चिनी बाईंना हिवतापावरच्या औषधासाठी २०१५ साली नोबेल मिळालं तेव्हा काकांनी स्वयंपाकघरात जाऊन व्याख्यान दिलं होतं: चौथ्या शतकातल्या पोथीत लिहिलंय की ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायची, उकळायची नाही, बाईंनी ते नेमकं वाचलं, मंद तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि गुण उतरला, तेव्हा तू हे जे सगळं खळाखळा उकळतेस ना... काकू म्हणाल्या, "त्या बाईंना नोबेल मिळालं. माझं तुमच्या नादात दूध उतू गेलं." आणि अडुळशाचं पातेलं गॅसवर चढवलं.

अडुळसा हा त्या घरातला जुना तंटा. कुंपणाला लावलेला, गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून माजलेला. काकू खोकल्यावर त्याचाच काढा देत आल्या, मुलीला, काकांना, पोस्टमनला. दुकानातल्या खोकल्याच्या बाटल्यांवर ब्रोमहेक्सिन नाहीतर अँब्रॉक्सॉल लिहिलेलं असतं, त्या द्रव्यांचं मूळ अडुळशातल्या व्हॅसिसिनमध्ये आहे, हे काकांनीच त्यांना पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. काकूंनी ते लक्षात ठेवलं होतं. "मग झालं की!"

"झालं कसं? नातू इंजिनिअर झाला म्हणून आजोबाला पूल बांधायला देशील का? तुझ्या पातेल्यात काय उतरतं ते वेगळं बघायला पाहिजे."

"मग बघा की," काकू म्हणाल्या. आणि इथून आमच्या गल्लीची चाचणी सुरू झाली.

काका अर्धवट काही करत नाहीत. आधी नैतिकता समिती. नियम असा की अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. घर हीच संस्था असल्यानं काकू बाद झाल्या आणि मुन्सिफसाहेब अध्यक्ष झाले. त्यांचा राग यानं पार गेला. कायदेतज्ज्ञ हवा, तेही तेच. एक सामान्य नागरिक हवा, त्या जागी मी. समितीची बैठक काकांच्या व्हरांड्यात कॉफी आणि चकलीसह झाली. अध्यक्षांनी विचारलं, अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? काका म्हणाले, मी. अध्यक्षांनी ते लेखी घेतलं आणि कुलूप लावून ठेवलं. मग संमतिपत्र आलं, कानडीत तीन पानं. वाटीभर काढ्यासाठी तीन पानं वाचून दुधवाला म्हणाला, माझा खोकला राहू दे.

खरी अडचण पुढे होती. अर्ध्या लोकांना काढा द्यायचा तर उरलेल्यांना काढ्यासारखं दिसणारं, तेवढंच कडू, पण काहीच गुण नसलेलं काहीतरी द्यायला हवं. साधा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपला आपण जातो, म्हणून ही तुलना लागतेच. आता कडू आहे पण औषध नाही असं म्हैसुरात काय मिळतं? काकांनी मेथीचं पाणी सुचवलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या, ते साखरेवर असतं. कारलं, तेही साखरेवर. चिराइत तापावर, कडुनिंब रक्तावर. चिकोरी जास्त घातलेल्या कॉफीचा कोरा काढा करून पाहिला, तर चाखणाऱ्यांनी एका घोटात ओळखून वर 'पावडर कुठून आणलीत, फसवलं तुम्हाला' असं ऐकवलं. कडू म्हणून जे जे काकांनी काढलं, ते ते कुणाच्या ना कुणाच्या आजीनं कशावर तरी दिलेलं होतंच.

शेवटी काकू म्हणाल्या, "मी करते. पण काय घातलं ते विचारायचं नाही."

काकांचे डोळे चमकले. हेच तर हवं होतं. देणाऱ्यालाही ठाऊक नाही, घेणाऱ्यालाही नाही, डबल ब्लाइंड! लाल झाकणाच्या बाटल्या आणि हिरव्या झाकणाच्या बाटल्या. कशात काय, ते काकूंनी एका चिठ्ठीवर लिहिलं, पाकिटात घातलं, लाखेनं बंद केलं. कुणाला कोणती बाटली, ते नाणं उडवून काकूच ठरवणार. काकांनी सर्वांना एकदा आणि काकूंना तीनदा बजावलं: शेवटचा माणूस चाचणीतून बाहेर पडेपर्यंत पाकीट उघडायचं नाही, ब्रह्मदेव आला तरी नाही.

चार दिवस शिस्तीत गेले. पाचव्या दिवशी गल्लीत बातमी होती की हिरवं चांगलं. कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कळायला मार्ग नाही. लाल झाकणवाले हिरव्यावाल्यांकडून अर्धी अर्धी बाटली मागून प्यायला लागले. हिरवेवाले बदल्यात लाल घेऊन बघू लागले. एका घरात दोन्ही मिसळून घेत होते. पलीकडच्या गल्लीतून, जिचा या चाचणीशी काही संबंध नव्हता, खोकणारी माणसं डबे घेऊन आली. काकांनी डोक्याला हात लावला. सगळ्यांनी सगळं प्यायलेलं होतं. या नोंदींतून ब्रह्मदेवालाही काही काढता आलं नसतं. पण हिरव्यात आहे काय, हे तरी कळायला हवं की नको? अडुळसा असेल तर काकूंचा विजय. नसेल तर शास्त्राला नवीनच काहीतरी सापडलंय.

महिन्याभरानं गल्लीत खोकणारं कुणी उरलं नाही. काका स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. मी तिथंच होतो, समितीचा सामान्य नागरिक या नात्यानं वाटीभर उपीट खात.

"अगं, ते पाकीट आण."

"आणणार नाही."

"चाचणी संपली."

"कुठं संपली? कोपऱ्यावरच्या अज्जी आहेत की अजून."

कोपऱ्यावरच्या अज्जी नव्वदीच्या आहेत. त्यांचा खोकला गल्लीपेक्षा जुना आहे. पोरं त्यावर घड्याळ लावतात. काकूंनी त्यांना कधी भरती करून घेतलं, कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी यादी मागितली. शेवटच्या ओळीत अज्जींचं नाव होतं, पुढे अंगठा होता आणि अध्यक्षांची सही होती.

"पण अज्जींचा खोकला जाणारच नाही!" काका ओरडले.

"मग राहतील चाचणीत," काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत." आणि त्यांनी हिरव्या झाकणाची बाटली काठोकाठ भरली, पुसली, माझ्या हातात दिली. "जाता जाता अज्जींकडे एवढी देऊन या. डोस चुकायला नको."